साहेबांच्या टॉफीचं वजन

४ जुलै, शुक्रवार

कंपनीने जानेवारीत दिलेली ही डायरी आजवर कोरीच होती. आज तिला काम मिळालं. आमचे टर्मिनल मॅनेजर डंकन साहेब सहा आठवड्यांच्या रजेवर स्कॉटलंडला गेले आणि जाताना त्यांची टॉफी माझ्या स्वाधीन करून गेले. टॉफी म्हणजे फेरेट. दिसायला मुंगसाची धाकटी बहीण, पण जास्त लांबोडकी आणि फारच लाडावलेली. अंग तपकिरी, डोळ्यांवर काळा पट्टा. वय पाच वर्षं. आमच्या स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजन आठशे सहा ग्रॅम.

टर्मिनलमध्ये दोनशे माणसं आहेत. साहेबांनी मलाच का निवडावं? ते स्वतःच म्हणाले, "दत्ता, यू आर द ओन्ली मॅन हिअर हू फॉलोज अ शीट." गेली चौदा वर्षं मी आखातातल्या फुजैराच्या या तेलाच्या टर्मिनलमध्ये डॉक्युमेंट कंट्रोलर आहे. माझ्या शिक्क्याशिवाय एक कागद इकडचा तिकडे होत नाही. शिक्क्यावर सगळ्यांचा विश्वास, पण दत्तप्रसाद नावाच्या माणसावर कोणी विश्वास टाकल्याचं मला आठवत नाही. परत आलो की तुझ्या ग्रेडचं, म्हणजे बढतीचं बोलू, असंही म्हणाले. बायको विभावरी आणि मुलगी शुभ्रा सुट्टीसाठी ठाण्याला गेल्यात, घर रिकामं. मी लगेच हो म्हणालो.

साहेबांच्या ड्रायव्हरने पिंजरा, दोन झोळ्या, आत शिरून खेळायचा कापडी बोगदा, लसीकरणाचं पुस्तक आणि खाण्याची पिशवी वर आणून ठेवली. वर साहेबांचं कॉफीचं यंत्रसुद्धा. "तुझ्याकडेच ठेव," असा निरोप. सहा आठवड्यांसाठी कॉफीचं यंत्र! मोठ्या मनाचा माणूस. ते स्वतः वर आले नाहीत, गाडीतच बसून राहिले. टॉफीचा निरोप घेणं जड जात असणार.

७ जुलै

साहेबांनी दिलेला सूचनांचा कागद दोन पानी आहे. मी त्याला रीतसर नंबर देऊन फाइल केला. दिवसाला चाळीस ग्रॅम सुकं खाणं, एसी तेविसावर, उन्हात न्यायचं नाही. "ती खूप झोपते. कधी कधी एकटक बघत बसते. नॉर्मल." कागदावर सगळं असलं की मला बरं वाटतं.

ती खरंच खूप झोपते. जागी झाली की माझे मोजे पळवून सोफ्याखाली नेते. आतापर्यंत तीन डावे आणि एक उजवा गेला.

११ जुलै

पहिल्या शुक्रवारचा रिपोर्ट साहेबांना व्हॉट्सॲपवर पाठवला. फोटो, तारीख, वजन सातशे अठ्ठ्याऐंशी. अठरा ग्रॅम कमी झाले ते प्रामाणिकपणे लिहिलं, बरोबर "मॉनिटरिंग" असं घातलं. उत्तरादाखल साहेबांचा अंगठा आला.

१६ जुलै

पिशवीतलं खाणं संपलं. रोजचे चाळीस ग्रॅम धरले तर सहा आठवड्यांना सोळाशे ऐंशी ग्रॅम लागतात. पिशवी होती पाचशेची. एवढा काटेकोर माणूस, पण निघायच्या गडबडीत त्यांचा अंदाज चुकला.

ते खाणं फुजैरात कुठेच मिळत नाही. दुबईच्या दुकानदाराने "हबीबी, थ्री वीक्स, इन्शाल्ला" असं सांगितलं. समुद्राकाठच्या कॉर्निश रस्त्यावरच्या दुकानातून दुसऱ्या कंपनीचं आणलं. साहेबांना विचारलंय: सर, काइंडली कन्फर्म ऑल्टरनेट ब्रँड. अजून उत्तर नाही.

१९ जुलै, शनिवार

सातशे बावीस.

नवीन खाण्याला ती तोंड लावत नाही. हुंगते, मग पुढच्या पायांनी उकरून वाटीबाहेर फेकते. साहेबांना रिमाइंडर एक आणि रिमाइंडर दोन पाठवले. दोन्हींवर एकच टिक. डोंगरात मासे धरायला गेले असतील, तिकडे रेंज नसते असं ते सांगायचे.

विभावरीला फोनवर सांगितलं तर ती वैतागली. "अरे दत्ता, उपाशी जनावराला खायला घालायला अप्रूव्हल कसली मागतोस?" तिला आमच्या कामातलं कळत नाही. कागदात बदल करायचा तर ज्याने कागद काढला त्याचीच मंजुरी लागते. नाहीतर उद्या कोणीही काहीही करेल आणि टाकी फुटेल.

ऑफिसातही गुरुवारी एक बारीक घोळ झाला होता. सह्यांच्या अधिकाराची सुधारित यादी एचआरच्या साजिदाने माझ्याकडे शिक्क्यासाठी आणली. टर्मिनल मॅनेजरच्या जागी श्रीनिवासन यांचं नाव. साहेब रजेवर असले की नेहमीच त्यांचं नाव येतं, पण पुढे कंसात "हंगामी" असतं. या वेळी साजिदा ते घालायला विसरली. मी परत पाठवणार होतो, पण डोक्यात टॉफी होती. मारला शिक्का.

२२ जुलै

सहाशे अठ्ठ्याऐंशी. पाठीवरून हात फिरवला की मणका न् मणका लागतो.

शेजारच्या बिलकीस भाभी सकाळी शिरखुर्म्याचा रिकामा डबा परत न्यायला आल्या. गेल्या ईदपासून तो आमच्याकडेच पडला होता. त्यांचे हमदुल्लाभाई बंदरात जहाजं ओढणाऱ्या टगबोटीवर असतात, माणसं मूळची दापोलीची. भाभींनी टॉफीला उचललं आणि त्यांचा चेहराच बदलला.

"दत्ताभाऊ, हिच्या अंगात काय सुद्धा नाय! काय घालता हिला?"

मी खाण्याची पिशवी दाखवली.

"ही मांस खानारी जात हाय. मी कोंबडी उकडून मिक्सरला काढून देते. बिनमिठाची. चाटून पुसून खाईल बघा."

मी नको म्हणालो. आमच्या घरात कधी अंडंसुद्धा आलं नाही, त्यात हा चातुर्मास. पण खरं कारण ते नाही. कागदावर कोंबडीचं नाव नाही आणि साहेबांची मंजुरी आलेली नाही. भाभी डबा घेऊन गेल्या. जाताना दारात थांबून म्हणाल्या, "साहेब आल्याव विचाराल, पन तवर ही राहायला पायजे ना?"

वाईट वाटलं. राग पण आला.

२४ जुलै, गुरुवार

सहाशे एकसष्ट. आईला फोन केला. ठाण्यातून तिचा उपाय एका क्षणात आला. "नाचणीचं सत्व दे रे! तू सातव्या महिन्यात जन्मलास तेव्हा उंदराएवढा होतास. सत्वावर वाढवलाय तुला."

सत्वाची पिशवी घरात होतीच, शुभ्राच्या आजारपणापासूनची. कागद पुन्हा नीट वाचला. नाचणी चालत नाही असं त्यात कुठेही लिहिलेलं नाही. दुधात शिजवलं, गूळ घातला, वर चमचाभर तूप. कोमट करून बोटावर धरलं.

खाल्लं! वाटी लख्ख केली, मग माझं बोट, मग चमचा. आठ दिवसांत पहिल्यांदा तिने काही मनापासून खाल्लं. मला इतका आनंद झाला की आईला पुन्हा फोन लावला.

२६ जुलै, शनिवार

सहाशे चौऱ्याहत्तर! दोन दिवसांत तेरा ग्रॅम. दिवसातून पाच वेळा सत्व चालू आहे, ती गुळासाठी वेडी झालीय. साहेबांना आलेख काढून पाठवला. एकच टिक. पाहतील तेव्हा पाहतील.

२७ जुलै, रविवार

अक्षर वेडंवाकडं येतंय.

दुपारी बाराला सत्व खाऊन ती झोपली. दोनला पाहिलं तर झोळीच्या काठावर मान टाकून एकटक बघत होती. नॉर्मल, कागदावर तसंच आहे, म्हणून मी भांडी घासायला गेलो. परत आलो तर तोंडातून लाळ, मागचे पाय लुळे, पुढच्या पायांनी तोंड ओरबाडतेय. भाभींना हाक मारली, त्यांनीच तिला ओल्या पंच्यात गुंडाळली. इथल्या दवाखान्यात फोन केला तर ते ससाणे आणि बकऱ्या बघतात. त्यांनी दुबईतल्या डॉक्टर उमैमांचा नंबर दिला. सव्वा तास गाडी हाकली. डोंगरातून जाताना एका हाताने स्टिअरिंग आणि दुसरा हात तिच्या पोटावर, श्वास चालू आहे का बघायला.

डॉक्टर तरुण आहेत. रक्तातली साखर तपासली, सलाइन लावलं, मग मला विचारलं, "व्हॉट डिड शी ईट?" मी सत्वाला इंग्रजी शब्द शोधत बसलो. त्या म्हणाल्या, "मराठीत सांगा हो. मी म्हसळ्याची. घरी आम्ही मराठीच बोलतो."

सांगितलं. नाचणी, दूध, गूळ, तूप, दिवसातून पाच वेळा.

त्यांनी पेन खाली ठेवलं. मग फार सौम्यपणे म्हणाल्या, "काका, हिला धान्य पचत नाही. नुसतं मांस लागतं, तेसुद्धा दर चार तासांनी. उपाशी राहून ती मोडली होती, त्यावर गूळ पडला. साखर एकदम चढली आणि त्याहून जोरात कोसळली. असं कोसळते म्हणजे आत स्वादुपिंडावर गाठ असणार. वजन भरल्याशिवाय ऑपरेशनचा विचारसुद्धा करता येणार नाही. आधी वजन. बाकी सगळं नंतर."

म्हणजे तीन दिवस मी तिला प्रेमाने विष चारत होतो. आलेख काढून पाठवत होतो.

डॉक्टरांनी लसीकरणाचं पुस्तक चाळलं. शेवटच्या पानावर स्टेपलची पिन होती, तिला कागदाचा फाटका कोपरा लटकलेला. "जूनच्या शेवटी हिचं रक्त तपासलंय. रिपोर्ट कुठाय?" मी म्हणालो, मला एवढंच मिळालं. "खाणं किती दिलं होतं त्यांनी?" पाचशे ग्रॅम, म्हटलं, अंदाज चुकला त्यांचा. "आणि येणार कधी?" सतरा ऑगस्टला. यावर डॉक्टरांनी पुस्तक मिटून ठेवलं. औषध कसं द्यायचं ते दाखवायला लागल्या.

२८ जुलै, सोमवार

आजारपणाची रजा टाकली. आजारी मी नाही, पण साहेब समजून घेतील.

काल परत येताना ठरवलं होतं तसं सकाळी भाभींच्या दारात जाऊन उभा राहिलो.  त्यांनी मला बोलूच दिलं नाही. "उकडून ठेवलीय. आत या." पातळ, राखाडी खळ. वास आला तशी मी मान वळवली. पंचेचाळीस वर्षांत हा पदार्थ माझ्या हाताला लागला नव्हता. डॉक्टरांनी सुई काढून दिलेल्या पिचकारीत भरला आणि बोटाने तिचं तोंड उघडलं. निम्मं माझ्या शर्टावर. निम्मं तिच्या कानात. गिळलं असेल चमचाभर. मी बाथरूममध्ये जाऊन ओकलो, तोंड धुतलं, परत येऊन बसलो.

आईला सांगणं भाग होतं. वाटलं, आता काय काय ऐकावं लागतंय. तिने टीव्ही बंद केल्याचा आवाज आला. मग म्हणाली, "सत्व मीच सांगितलं ना? चूक माझी. आता डॉक्टरीण सांगते ते घाल. तुझ्याच ओट्यावर शिजव, त्या बाईला किती त्रास देशील. देवाचं मी बघते."

३० जुलै

सहाशे एकवीस. दर चार तासांनी गजर. एका वेळी दहा मिली ठरलेलं, जातं चार.

रजा संपली. तिला घरी आठ तास एकटं ठेवणं शक्य नाही, म्हणून टोपलीत घालून ऑफिसला नेलं. जुने नकाशे ठेवायची खोली माझ्या ताब्यात आहे. तिथे कागदांसाठी एसी कायम विसावर असतो आणि माझ्याशिवाय कोणी फिरकत नाही. पाइपलाइनच्या नकाशांच्या कपाटामागे टोपली ठेवली. गेटवर डबा दाखवून, टोपलीत माझं जेवण आहे असं खोटं बोललो. परवाची रजा सोडली तर चौदा वर्षांत पहिलं खोटं, तेही उकडलेल्या कोंबडीसाठी.

२ ऑगस्ट, शनिवार

पाचशे एकाहत्तर.

काय करू? औषध देतो, खळ गरम करतो, थंड करतो, पातळ करतो, घट्ट करतो. पिचकारी पाहिली की ती मान फिरवते. नख लावून तोंड उघडावं लागतं, आणि तोंड उघडताना ती माझ्याकडे बघते. ते बघणं मला सहन होत नाही. आता चावतही नाही. पहिल्या आठवड्यात माझ्या बोटातून तिने दोनदा रक्त काढलं होतं. आज मी मुद्दाम बोट तिच्या दाताखाली धरलं. तिने नुसतं धरून ठेवलं.

साहेबांना सगळं लिहिलं, सत्वासकट. सर, आय ॲम सॉरी. इट इज माय मिस्टेक. एकच टिक.

४ ऑगस्ट, सोमवार

पाचशे सहासष्ट.

डॉक्टरांचा दुपारी फोन आला. "काका, अजून दोन दिवस बघू. बुधवारपर्यंत वजन थांबलं नाही, तर तिला आणखी किती त्रास द्यायचा याचा विचार करावा लागेल. तुम्हाला कळतंय ना मी काय म्हणतेय?"

कळतंय. नकाशांच्या खोलीत जमिनीवर बसलो आणि रडलो. माणूस गेल्यावर रडतात तसा, हुंदके देऊन. साजिदाने दार ठोठावलं. धुळीची ॲलर्जी आहे म्हणालो.

हे लिहिताना लाज वाटते, पण ग्रेडचा विचार आता मनात येतसुद्धा नाही. साहेब काय म्हणतील याची भीतीसुद्धा गेली. एवढंच वाटतं की हिने उपाशी मरू नये. माझ्या घरात, माझ्या हातून, उपाशी मरू नये.

संध्याकाळी भाभी आल्या. त्यांनी कोंबडीचं काळीज वेगळं शिजवून आणलं होतं. माझ्या हातातून पिचकारी घेतली आणि बाजूला ठेवली. "जबरदस्ती नको भाऊ. घाबरलीय ती. कुशीत घ्या, तळव्याव लावा, आनि गप ऱ्हावा." टॉफीला शर्टाच्या आत घेऊन मी सोफ्यावर बसून राहिलो. काळजाची पेस्ट तळव्यावर. अर्ध्या तासाने जिभेचा खरखरीत स्पर्श झाला. एकदा. मग थांबली. मग पुन्हा.

भाभी पुटपुटल्या, "या अल्ला." मी श्वाससुद्धा घेतला नाही.

६ ऑगस्ट, बुधवार

पाचशे एकोणसत्तर!

तीन ग्रॅम. काटा बिघडलाय का म्हणून मिठाची पुडी वजन करून पाहिली. काटा ठीक आहे. टॉफीला चार वेळा ठेवलं. चारही वेळा एकोणसत्तर. डॉक्टरांना फोन केला तर त्याच ओरडल्या, "माशाल्ला!"

तळव्यावरच खाते. डाव्याच. उजव्यावर लावलं की हुंगून डाव्यापाशी येते.

१० ऑगस्ट, रविवार

सहाशे दोन. काळीज, मांडीचं मांस, थोडी चरबी, सगळं आता माझ्याच ओट्यावर शिजतं. वेगळं पातेलं, वेगळा चमचा. देवघराचा पडदा त्या वेळी ओढून घेतो.

तिचं जुनं खाणं साहेबांच्या व्हिलात एखादं पाकीट उरलंय का बघायला गेलो होतो. फाटकावर "भाड्याने देणे" अशी पाटी. आत रंगकाम चालू होतं. रंगाऱ्याला विचारलं तर "ऊपर का सब सामान गया" म्हणाला. कंपनी साहेबांना समुद्राकाठच्या मोठ्या व्हिलात हलवतेय म्हणे, असं पूर्वी कानावर आलं होतं. तेच असणार. बिचाऱ्यांना परत आल्या आल्या सामान लावत बसावं लागणार.

१५ ऑगस्ट

सहाशे पंचावन्न. आज तिने माझा मोजा पळवला. उजवा. मी सोफ्याखाली वाकून पाहिलं तर आत सगळे ओळीने. काढले नाहीत.

परवा साहेब येणार. आठशे सहा घेतले होते आणि साडेसहाशे परत देणार. काय सांगू? रोजचं वजन, औषधं, डॉक्टरांचा अहवाल, सगळं क्रमाने लावून फाइल केलीय. सत्वाचं पान काढून टाकावं असा मोह झाला. ठेवलं.

आणखी एक खरं लिहितो. तिला परत द्यावंसं वाटत नाही.

१७ ऑगस्ट, रविवार

दिवसभर वाट पाहिली. टॉफीची नखं कापली, झोळ्या धुतल्या. साहेब आले नाहीत, फोन नाही. विमान उशिरा असेल.

१८ ऑगस्ट, सोमवार

फाइल घेऊन साडेसातलाच साहेबांच्या केबिनपाशी गेलो. आत श्रीनिवासन. टेबलावर त्यांच्या बायको-मुलांचा फोटो, भिंतीवर त्यांचं कॅलेंडर. मी विचारलं, डंकन साहेब कुठे बसणार? त्यांनी फोन उचलून साजिदाला बोलावलं.

साजिदाने मला बाजूला घेतलं. "दत्ताजी, आपको नहीं पता? डंकन सर ने तो जून में ही रिझाइन कर दिया था. लीव्ह नहीं थी वो. खलास करके गये हैं. यादी का रेव्हिजन तो आप ही ने स्टँप किया था!"

हो. मीच मारला होता शिक्का. कंसातला शब्द ती विसरली नव्हती.

नकाशांच्या खोलीत गेलो. टॉफी टोपलीत उताणी झोपली होती. साहेब मला सांगू शकले असते, एवढंच डोक्यात फिरत राहिलं. मी नाही म्हणालो नसतो.

१९ ऑगस्ट, मंगळवार

साजिदाकडून साहेबांचा तिकडचा नंबर घेतला. मेसेजमध्ये काहीच मागितलं नाही. फोटो पाठवला आणि लिहिलं: टॉफी, सहाशे ब्याऐंशी ग्रॅम, इम्प्रूव्हिंग.

दहा मिनिटांत उत्तर. पाच आठवडे वाट पाहिली ते उत्तर दहा मिनिटांत.

"गुड लॉर्ड, इज शी स्टिल गोइंग? व्हेट गेव्ह हर टू वीक्स बॅक इन जून. कुडंट फेस इट मायसेल्फ. यू आर अ स्टार, दत्ता. डू व्हॉटेव्हर इज ईझिएस्ट."

व्हेटने, म्हणजे जनावरांच्या डॉक्टरने, तिला दोनच आठवडे दिले होते. बारा दिवसांचं खाणं. म्हणजे अंदाज चुकला नव्हता. ती माझ्याकडे मरायला ठेवली होती, आणि कागद पाळणारा माणूस कागदाबाहेर काही करणार नाही म्हणूनच मला निवडलं होतं. माझ्यावरचा विश्वास तो हाच. डॉक्टरांना तर पहिल्याच दिवशी कळलं होतं.

इतका संताप आला की फोन भिंतीवर फेकावासा वाटला. रिप्लायमध्ये काय काय लिहिलं, मराठीत, शिव्यांसकट. मग पुसलं. चौदा वर्षांत त्यांच्या एकाही मेसेजला मी उत्तर दिल्याशिवाय राहिलो नाही. आज नंबरच काढून टाकला.

मग चारचा गजर झाला. तळवा धुतला, काळीज गरम केलं. तिला साहेबांशी काही देणंघेणं नाही. तिने खाल्लं, आणि शेवटी बोटाला कचकन चावली. रक्त आलं. चावली म्हणून एवढा आनंद झालेला माणूस फुजैरात दुसरा नसेल.

२३ ऑगस्ट, शनिवार

सातशे चार.

काल डॉक्टरांकडे जाऊन आलो. मालकाच्या जागी माझं नाव घातलं. ऑपरेशनचं विचारलं. त्यांनी सोनोग्राफीचा पडदा माझ्याकडे वळवला. गाठ एक नाही, तीन आहेत. कापून उपयोग नाही. औषधावर आणि चार तासांच्या खाण्यावर चार महिने, सहा महिने, फार तर वर्ष. "पण भरल्या पोटाने," डॉक्टर म्हणाल्या. परतताना वाटेत कोंबडीचं काळीज घेतलं.

आज सकाळी विभावरी आणि शुभ्रा आल्या. विभावरीने ओट्यावरचं वेगळं पातेलं पाहिलं, देवघराचा पडदा पाहिला, माझ्याकडे पाहिलं. "किती वाळलास रे," एवढंच म्हणाली आणि पिशव्या आत घेऊन गेली.

शुभ्रा बारा वर्षांची आहे, आता तिच्यापासून लपवून चालणार नाही. ती जमिनीवर मांडी घालून बसली होती, टॉफी तिच्या मांडीवर. मी सगळं सांगितलं. साहेब येणार नाहीत, ती आपलीच आहे.

"यू मीन फॉरएव्हर?"

"फॉरएव्हर नाही गं." मग गाठींचं सांगितलं.

तिचे डोळे भरले. खूप वेळ ती टॉफीच्या पाठीवरून बोट फिरवत राहिली, जिथे मणके लागायचे आणि आता जरासं मांस आलंय तिथे. मग माझ्याकडे बघून जवळजवळ रागानेच म्हणाली, "बाबा, इफ शी इज गोइंग टु डाय एनीवे, व्हाय आर वी मेकिंग हर फॅट?"

चारचा गजर वाजत होता. मी शुभ्राचा डावा हात धरून तिच्या तळव्यावर चमचाभर काळीज ठेवलं.

"कारण तिला भूक लागलीय," मी म्हणालो.